शकुंतलेचा सिग्नल आणि कॉम्प्युटरमधला सेमाफोर

शकुंतला रेल्वेवर आजवर भरपूर लिहून झालंय. किलिक निक्सन कंपनी, तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे, करार, रॉयल्टी, "भारतातली शेवटची खासगी रेल्वे" वगैरे. व्हॉट्सॲपवर ती पोस्ट वर्षातून दोनदा तरी फिरतेच. मालकीचा तो वाद मी आज बाजूला ठेवतोय. मला बोलायचंय ते त्या रुळाशेजारी उभ्या असलेल्या लोखंडी खांबांबद्दल. सिग्नलचे खांब. वर्तमानपत्रांत त्यांच्यावरच्या "लिव्हरपूल, १८९५" या अक्षरांचे उल्लेख येऊन गेलेत. भंगार म्हणून आपण ज्यांच्याकडे बघितलं, त्या खांबांत एक विचार आहे, आणि तोच विचार आज तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये, गाडीच्या ब्रेकमध्ये, दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपात चालू आहे.

आधी थोडी भूमिती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. रूळ अडीच फुटी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मोठ्या लाइनीने मुंबई, मुंबईहून बोटीने मँचेस्टर. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत इथे राबलं, मग डिझेल आलं. आणि महत्त्वाची गोष्ट, ही लाइन एकेरी. जाणारी आणि येणारी गाडी त्याच दोन रुळांवरून.

आता प्रश्न सोपा आहे. दारव्हा मोतीबागहून एक गाडी निघाली आणि त्याच वेळी समोरच्या स्टेशनाहून दुसरी निघाली, तर काय होईल? मोबाइल नाही, वायरलेस नाही, मध्ये वळणं आणि पळसाची झाडं. ड्रायव्हरला समोरची गाडी दिसेल तोवर ब्रेक लावायला जागा उरलेली नसेल. शकुंतलेच्या शेवटच्या वर्षांत या मार्गावर एकच गाडी जायची-यायची, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटला होता. पण ज्या एकेरी लाइनीवर दिवसाला दहा-वीस गाड्या आहेत, तिथे काय करायचं?

जगभरच्या रेल्वेने यावर काढलेलं पहिलं उत्तर अगदी गावठी होतं. एक काठी. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी एकच काठी, आणि ज्या ड्रायव्हरच्या हातात ती काठी, त्यालाच त्या तुकड्यात शिरायची परवानगी. काठी एकच असल्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येणं अशक्य. झालं काम! पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. एका बाजूने लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असतील तर? पहिली गाडी काठी घेऊन पलीकडे गेली, आता दुसऱ्या गाडीला काठी कुठून द्यायची? मग चिठ्ठ्या आल्या, तारा आल्या, "मी सोडू का, तू सोडतोस का" असे निरोप आले. आणि निरोपांत घोटाळे झाले. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्पला असाच तारेचा निरोप चुकला आणि दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. २५ माणसं मेली.

त्यानंतर चारेक वर्षांत एडवर्ड टायरने टॅब्लेटचं यंत्र आणलं. आपल्याकडे त्याच जातीचं नील्सचं बॉल टोकन यंत्र पसरलं. जुन्या रेल्वेवाल्यांना विचारा, ते नुसतं "गोळा" म्हणतात. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, आत धातूचे बरेच गोळे, आणि दोन्ही यंत्रं विजेच्या तारेने जोडलेली. पलीकडच्या स्टेशन मास्तरने संमती दिल्याशिवाय इकडे गोळा बाहेर पडत नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघतच नाही. तो गोळा पलीकडच्या यंत्रात पडला, की दोन्ही यंत्रं पुन्हा मोकळी. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला, आणि न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर किंवा फायरमन ते कडं हात बाहेर काढून धावत्या गाडीतून उचलायचा. एकेरी लाइनीच्या गावात लहानपण गेलेल्यांनी हा खेळ पाहिलेला असेल.

आता इथून थेट हॉलंडला जाऊ.

१९६० च्या दशकाची सुरुवात. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचा डच गणिती एका अडचणीवर विचार करतोय. कॉम्प्युटर एक, पण त्यात एकाच वेळी अनेक कामं चालू. दोन कामांनी मेमरीतल्या एकाच जागेला एकाच क्षणी हात घातला, तर आकड्यांची टक्कर होते. कधी होईल ते सांगता येत नाही. हजार वेळा सगळं नीट चालतं आणि एक हजार एकाव्या वेळी बिघडतं. डाइक्स्ट्राने उपाय काढला, की त्या जागेसाठी एक खूण ठेवायची. खूण मिळाली तर शिर, नाही मिळाली तर थांब, आणि काम झालं की खूण परत कर. या खुणेला त्याने नाव दिलं सेमाफोर. म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल! तिच्या दोन क्रियांना त्याने पी आणि व्ही ही अक्षरं दिली. पी म्हणजे डचमध्ये "पार होणे" आणि व्ही म्हणजे "मोकळं करणे". हे शब्द रेल्वेच्या सिग्नलांवरून घेतलेत असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आज प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात, यवतमाळच्याही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात पी आणि व्ही वर हमखास प्रश्न येतो. पोरं पाठ करतात. तो गोळा कुठून आला हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

"डिझाइन पॅटर्न" हा शब्दही कॉम्प्युटरवाल्यांचा नाही बरं का. तो ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुशिल्पकाराकडून आला. पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा टिकलेला उपाय, म्हणजे पॅटर्न. त्याच्या १९६४ च्या पुस्तकात शेवटी जे सविस्तर उदाहरण सोडवलंय ते चक्क सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याचं आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचं पॅटर्नचं गाजलेलं पुस्तक १९९४ ला आलं, आणि यंत्रात बसवलेल्या, वेळेला बांधलेल्या सॉफ्टवेअरचे पॅटर्न ब्रूस पॉवेल डग्लस याने २००२ च्या सुमारास पुस्तकात बांधले. पण त्यातले कितीतरी रेल्वेवाल्यांनी शंभर वर्षं आधी लोखंडात, तारेत आणि वजनात करून ठेवले होते. रेल्वेचं श्रेय कमी दिलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे.

"वेळेला बांधलेलं" म्हणजे रिअल टाइम. शकुंतला आणि रिअल टाइम हे शब्द एका वाक्यात आले की यवतमाळकर हसणार, हे मला माहीत आहे. पण रिअल टाइम म्हणजे वेगवान नव्हे. ठरलेल्या वेळेच्या आत उत्तर येणार याची खात्री, एवढाच त्याचा अर्थ. बँकेचं ॲप दोन सेकंद उशिरा उघडलं तर आपण चरफडतो, एवढंच. गाडीच्या एअरबॅगने दोन सेकंद उशिरा बरोबर निर्णय घेतला, तर तो निर्णय चूकच.

आता खांबाकडे परत. शकुंतलेच्या खांबावरचा हात आडवा असेल तर थांबा, खाली झुकला तर जा. "सिग्नल पडला" हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आलेला. केबिनमधला माणूस दांडा ओढतो, तार ताणली जाते, हात खाली येतो. तार तुटली तर? बहुतेकांना वाटतं हात खाली लोंबेल. नाही. खांबाला वजन लावलेलं असतं, आणि तार तुटली की ते वजन हाताला पुन्हा आडवा करतं. बिघाड झाला की गाडी थांबते. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडात ॲबट्स रिप्टनला हिमवादळात सिग्नलचे हात आणि तारा गोठल्या, हात "जा" च्या जागीच अडकून बसले, आणि एकामागून एक गाड्या त्यावर विश्वास ठेवून पुढे जात राहिल्या. त्या काळी सिग्नलची नेहमीची अवस्था "जा" असायची, गरज पडली तरच "थांबा" करायचा. त्या अपघातानंतर पद्धत उलटली. नेहमीची अवस्था "थांबा", आणि खात्री झाली तरच "जा". आजचा चांगला एम्बेडेड इंजिनिअर मशीन चालू होताच सगळे आउटपुट बंद ठेवतो आणि सगळं तपासल्यावरच एकेक चालू करतो. तो नकळत ॲबट्स रिप्टनचाच नियम पाळत असतो.

गोळ्याची पद्धत तरी निर्दोष होती का? यंत्र निर्दोष होतं, पण यंत्राभोवती माणसं होती. २६ जानेवारी १९२१. वेल्समधलं ॲबरम्यूल स्टेशन. पॅसेंजर गाडी आली आणि ड्रायव्हरने आणलेला मागच्या तुकड्याचा टॅब्लेट उतरवून दिला. स्टेशनात त्या वेळी जो तो दुसऱ्यावर विसंबलेला. पोरसवदा नोकराच्या हातून तो टॅब्लेट दुसऱ्याच्या हाती गेला, आणि त्याने पुढच्या तुकड्याचा समजून तोच टॅब्लेट त्याच ड्रायव्हरला परत दिला. ड्रायव्हरने पिशवी उघडून त्यावरचं नाव वाचलंच नाही. समोरून एक्स्प्रेस येत होती, योग्य टॅब्लेट घेऊन. १७ जण गेले. कुलूप पक्कं होतं, किल्लीही खरी होती, फक्त ती दुसऱ्याच दाराची होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. सेमाफोर मागितला, मिळाला की नाही हे न तपासताच पुढे गेला, अशी चूक रोजच्या कोडमध्ये सापडते.

गोळ्याच्या पद्धतीत आणखी एक गंमत दडलेली आहे. समजा हळू मालगाडीने गोळा घेतलाय आणि मागे मेल खोळंबलीय. ठीक, मालगाडी बाहेर पडली की मेल सुटेल. पण मालगाडीलाच वाटेत कुणी अडवून ठेवलं, म्हणजे तिच्यापेक्षा वरच्या पण मेलपेक्षा खालच्या दर्जाच्या कुणीतरी, तर? सगळ्यात मोठ्या मानाची मेल एका मधल्या गाडीपायी ताटकळत बसणार. १९९७ च्या जुलैत मंगळावर हेच झालं! नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलैला उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागला. हवामान मोजणाऱ्या खालच्या दर्जाच्या कामाने कुलूप धरलं होतं, दळणवळणाच्या मधल्या कामाने त्याला बाजूला सारलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम कुलपाची वाट बघत बसलं. ते वेळेत झालं नाही म्हणून पहारेकरी घड्याळाने सगळी यंत्रणाच रीसेट केली. उपाय सोपा, की ज्याने कुलूप धरलंय त्याला तेवढ्यापुरता वाट बघणाऱ्याचा दर्जा द्यायचा, म्हणजे मधला कुणी त्याला अडवू शकणार नाही. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून तेवढा बदल पाठवला आणि यान सुधारलं. या उपायाचं गणित १९९० मध्ये ज्या तिघांनी मांडलं त्यांत रगुनाथन राजकुमार हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. सेक्शन कंट्रोलर मात्र "मेल मागे आहे, मालगाडीला आधी काढा" हे कधीपासून करत आलाय.

ते पहारेकरी घड्याळ, ज्याला वॉचडॉग म्हणतात, तेही रेल्वेत आहेच. इंजिनात ड्रायव्हरने साधारण मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा, आणि तरीही हालचाल नाही तर ब्रेक आपोआप लागतात. "मी जागा आहे" हे दर मिनिटाला सिद्ध करायचं. गप्प बसणं म्हणजे मेलो असं धरलं जाणार.

इंटरलॉकिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच आहे. १८५६ मध्ये जॉन सॅक्सबीने सांध्यांचे आणि सिग्नलचे दांडे एकमेकांत अडकवायचं पेटंट घेतलं. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे असं करताच येऊ नये, दांडाच हलू नये. १८८९ ला आयर्लंडात अर्माघला ८० माणसं मेली, त्यांत शाळेच्या सहलीची मुलं होती, तेव्हा कुठे ब्रिटिश संसदेने इंटरलॉकिंग, ब्लॉक पद्धत आणि सलग ब्रेक कायद्याने सक्तीचे केले. तोवर कंपन्या खर्चाचं रडगाणं गात होत्या. लोखंडी दांड्यांची जागा पुढे रिलेने घेतली, रिलेची कॉम्प्युटरने. आणि इथेच एक मोह होतो, की सॉफ्टवेअर आहे ना, मग हार्डवेअरची अडकण कशाला? कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या कर्करोगाच्या किरणोपचार यंत्रात हेच केलं. आधीच्या यंत्रांतली हार्डवेअरची अडकण काढली आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा बसला, काही जीव गेले. त्यातली एक चूक तर ऑपरेटर फार भराभर टाइप करत असेल तरच दिसायची. दोन कामं, एक जागा, गोळा नाही.

आपल्याकडचं बघू. २ जून २०२३, बालासोर. बाहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य लाइनीचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनीकडे वळलेला होता, जिथे मालगाडी उभी. २९० हून अधिक माणसं गेली. पहिले दोन दिवस "इंटरलॉकिंग फेल" असं सगळीकडे चाललं होतं. जुलैत राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी सुरक्षा आयुक्तांचा निष्कर्ष सांगितला. सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या फेरबदलातली चूक, आणि फाटकाचं विजेवर चालणारं बॅरियर बदलण्याच्या कामात झालेली चूक. म्हणजे सांध्याबद्दलची जी खबर तारेतून आत जायला हवी होती, ती चुकीची गेली. रूळ एक सांगत होता आणि तार दुसरंच. वरची तर्कयंत्रणा कितीही पक्की असली तरी तिला खोटी खबर दिली तर ती खोट्यावरच पक्का निर्णय देणार. वर्षभराने, १७ जून २०२४ ला, रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसवर मालगाडी मागून आदळली. तिथे स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते आणि गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या जात होत्या. कोणता कागद द्यायचा आणि त्यावर वेगाची मर्यादा लिहायची की नाही, यातच गोंधळ. मुख्य यंत्रणा बिघडल्यावर वापरायची पर्यायी पद्धत नीट आखलेली नसेल, तर बिघाडाच्या दिवशीच तिची परीक्षा होते आणि ती नापास होते.

मी हे यवतमाळच्या पोस्टमध्ये का लिहितोय? कारण आपल्याकडे नवी लाइन येतेय. वर्धा–यवतमाळ–नांदेड, सुमारे २८४ किलोमीटर. त्यातल्या वर्धा–कळंब टप्प्याचं उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळात केलं. आपल्या जिल्ह्यात रेल्वेची चर्चा म्हणजे जमिनीचा मोबदला, निधी आणि तारीख. हे तिन्ही प्रश्न खरेच आहेत, शकुंतलेने आपल्याला वाट बघायला शिकवलंच आहे. पण निवेदनात कधीतरी हेही विचारलं पाहिजे, की या मार्गावर सिग्नलच्या वायरिंगमध्ये फेरबदल झाला तर तो कोण तपासणार? ज्याने काम केलं तोच, की दुसरा? काम चालू असताना सिग्नल बंद ठेवायचे तास मिळणार, की "गाड्या लेट होतात" म्हणून घाई होणार? रेल्वे सुरक्षा आयुक्त मुद्दामच रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. ही वेगळी तपासणी तळाच्या वायरमनपर्यंत का उतरू नये?

आणि कवच. २ ऑगस्ट १९९९ च्या गैसाल अपघातानंतर कोकण रेल्वेत बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी यंत्र तयार झालं, पुढे ते ईशान्येकडच्या रेल्वेवर बसलंही. त्याची भिस्त उपग्रहावर होती, आणि शेजारशेजारच्या दोन लाइनींतली नेमकी कुठली आपली, हे उपग्रहाला सांगणं अवघड. नंतरच्या कवचने रुळांतच खुणेच्या चिपा बसवल्या. इंजिन त्यांच्यावरून जाताना आपण कुठे आहोत ते वाचतं, रेडिओने स्टेशनशी बोलतं, आणि ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडायची वेळ आणली तर स्वतः ब्रेक लावतं. २०२० मध्ये ते देशाची अधिकृत यंत्रणा ठरलं. दक्षिण मध्य रेल्वेने ते सगळ्यात आधी पसरवलं, आणि त्यात मनमाड–मुदखेड हा आपल्या शेजारचा पट्टाही आहे.

यवतमाळहून निघालेली गाडी नांदेडला जाऊन याच पट्ट्याला मिळणार आहे. कवच अर्धं रुळाकडे असतं आणि अर्धं इंजिनात. वर्ध्याकडून येणाऱ्या इंजिनात ते नसेल, किंवा मधल्या तुकड्यावर बसवलंच नसेल, तर तेवढ्या अंतरात पुन्हा ड्रायव्हरचे डोळे, सिग्नल आणि स्टेशन मास्तर, एवढंच. या लाइनीच्या अंदाजपत्रकात कवचसाठी किती रक्कम धरली आहे, हा प्रश्न आपल्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात लेखी विचारावा. उत्तर आलं की इथेच टाकतो.